उपग्रहाला तुमच्या गाडीची उंची ठाऊक नाही

‘खिशात मोबाईल आहे, मोबाईलमध्ये नकाशा आहे आणि नकाशा फुकट आहे. मग सर, आणखी पैसे घालून वेगळे डबडे कशाला घ्यायचे?’

हा प्रश्न मला विचारणारे बहुतेक सगळे माझे जुने विद्यार्थी. अभियांत्रिकीच्या पदव्या घेऊन इंग्लंडात स्थिरावलेले, शाळेत असताना गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवून गेलेले. सीमाभागातल्या कोणत्याही आळीत आज डोकावा, एखादे तरी घर असे निघतेच की ज्यातला मुलगा नाहीतर सून तिकडे नोकरीला आहे. उन्हाळ्यात इकडचे आईवडील तिकडे जातात. मग सहा माणसांच्या हॉटेलच्या खर्चाचा हिशेब मांडला जातो आणि त्यापेक्षा मोटरहोम स्वस्त, असे ठरते. ओटा, बेसिन, गॅसची शेगडी, झोपायच्या फळ्या, एवढेच काय संडासही पोटात घेऊन चालणारे हे सहा-सात मीटर लांबीचे घर भाड्याने घ्यायचे, समोरच्या काचेला मोबाईल चिकटवायचा आणि स्कॉटलंडच्या दिशेने निघायचे! मोटरहोमचे भाडे देताना ज्याचा हात थरथरत नाही, तोच रस्ता दाखवणाऱ्या यंत्राची वेळ आली की एकदम काटकसरीचा पुरस्कर्ता होतो. या विचारसरणीशी माझे भांडण आहे, आणि दिवाळीचा फराळ चालू असला तरी ते मी इथे मांडणार आहे.

आधी शब्दांचा एक घोळ निस्तरला पाहिजे, कारण सगळ्या गैरसमजांचे मूळ तिथेच आहे. गाडी चुकली की आपण म्हणतो, ‘जीपीएसने फसवले.’ वाचकहो, जीपीएस कोणालाही रस्ता दाखवत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने या मालिकेतला पहिला उपग्रह १९७८ साली सोडला. १९८३ मध्ये कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेले आणि पाडले गेले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही व्यवस्था नागरी वापरालाही खुली करण्याचे जाहीर केले. १९९५ साली ती पूर्णपणे कार्यरत झाली. तरी सामान्य माणसाला मिळणारे स्थान मुद्दाम शंभरेक मीटरच्या घोळात ठेवले जात असे. मे २००० मध्ये तो अडसर काढला, आणि त्यानंतरच मोटारीत बसणारी यंत्रे खऱ्या अर्थाने उपयोगी झाली. पण हे उपग्रह करतात काय? सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते ‘आता किती वाजले आणि मी कुठे आहे’ एवढेच अखंड सांगत राहतात. खाली तुमच्या हातातले यंत्र चार उपग्रहांचे हे बोलणे ऐकते, संदेशाला यायला किती वेळ लागला ते मोजते आणि त्यावरून स्वतःचे स्थान काढते. (या घड्याळांत आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. तो दुरुस्त केला नाही तर प्रकाशाच्या वेगाने हिशेब करता दिवसाला अकरा किलोमीटरच्या आसपास चूक साचत जाईल. दहावीच्या वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची पोरेही कान टवकारतात.) रशियाची, युरोपची, चीनची आणि २०१३ पासून सोडलेली आपली ‘नाविक’ची मालिका, सगळ्यांचे काम हेच.

म्हणजे उपग्रह फक्त ‘तू इथे आहेस’ एवढे सांगतो. ‘इथून असा जा’ हे सांगतो तो यंत्रातला नकाशा आणि त्या नकाशावर चालणारे गणित. तेव्हा यंत्र घेताना आपण उपग्रह विकत घेत नसतो, नकाशा विकत घेत असतो. आणि नकाशाला विचारायचा पहिला प्रश्न पडद्याच्या आकाराचा नाही, आवाज बाईचा की पुरुषाचा हाही नाही. प्रश्न असा, की बाबा रे, तुला माझ्या गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि वजन ठाऊक आहे का? मोबाईलवरचे जे फुकट नकाशे आपण सगळे वापरतो ते हे विचारतच नाहीत. त्यांच्या लेखी तुम्ही एक मोटार आहात. मारुती असो की स्वयंपाकघरासकट चाललेले घर असो, दोघांना रस्ता एकच!

इंग्लंडात याचा अर्थ काय होतो ते पाहा. त्या देशातले रेल्वेमार्ग बहुतांशी एकोणिसाव्या शतकात बांधलेले, घोडागाड्यांच्या काळातले. रस्ते त्यांच्या खालून जातात. १६ फूट ६ इंचांपेक्षा, म्हणजे ५.०३ मीटरपेक्षा, कमी उंची असेल तर पुलावर उंचीची पाटी लावतात. ही झाली सर्वसाधारण मर्यादा. प्रत्यक्षात तीन मीटरचेही पूल आहेत, त्याहून ठेंगणेही आहेत. ईली या गावच्या स्टेशनाजवळ स्टंटनी रोडवरचा पूल अवघा २.७ मीटर उंच आहे, आणि ब्रिटनमध्ये सर्वाधिक धडका खाणाऱ्या पुलांच्या यादीत तो वरचेवर अग्रभागी झळकतो. मोटरहोमची उंची साधारण २.७ ते ३.२ मीटरच्या घरात असते. हिशेब तुम्हीच करा. रेल्वेच्या पुलांना वाहने धडकण्याचे प्रकार त्या देशात वर्षाला दीड-दोन हजार होतात. त्यातल्या बहुतेक लॉऱ्या, हे खरे. पण लॉरीवाल्याचा तो रोजचा धंदा आहे. वर्षभर छोटी मोटार चालवून वर्षातून आठ दिवस तीन मीटर उंच घर चालवणाऱ्या माणसाला आपल्या डोक्यावर आणखी दीड मीटर आहे याची आठवण राहणार कशी? बरे, आपल्या मुलांना याची परीक्षाही द्यावी लागत नाही. भारतातला परवाना घेऊन गेलेला मनुष्य ब्रिटनमध्ये बारा महिनेपर्यंत साडेतीन टनांपर्यंतचे वाहन चालवू शकतो, आणि भाड्याची बहुतेक मोटरहोम नेमकी त्याच वजनात बसवलेली असतात.

यावर हमखास येणारे उत्तर असे : ‘पाटी असते की! डोळे उघडे ठेवून चालवले तर झाले.’ अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरहॅम शहरात ११ फूट ८ इंच उंचीचा एक रेल्वे पूल होता. पाट्या होत्या. पुलाच्या अलीकडे धडका झेलायला लोखंडी तुळई होती. पुढे २०१६ साली असा बंदोबस्त झाला, की उंच गाडी आली की संवेदक तिला ओळखतो, सिग्नल लाल होतो आणि ‘तुमची गाडी उंच आहे, वळा’ अशी दिव्यांची अक्षरे पेटतात. तरी भाड्याचे ट्रक त्या तुळईवर आपली टपे सोलून घेतच राहिले. अखेर २०१९ मध्ये पूलच आठ इंच उचलून १२ फूट ४ इंचांवर नेला. टपे सोलणे त्यानंतरही थांबले नाही. माणूस पाटी वाचत नाही असे नाही; वाचतो, पण ती आपल्याला लागू आहे हे त्याच्या मनात वेळेवर उतरत नाही. आणि उतरले तरी पुलापाशी येऊन करणार काय? मागे गाड्यांची रांग, रस्ता चिंचोळा, वळायला जागा नाही. पाटी धोक्यापाशी असते. नकाशाने तो धोका दहा मैल आधीच टाळायचा असतो. दोहोंतला हा फरक ज्याला समजत नाही त्याच्याशी पुढचा वाद घालण्यात अर्थ नाही.

खरे म्हणजे आपल्या लोकांना हा फरक समजायला अडचण पडू नये. जीपीएस जन्मायच्या आधीपासून आपला ड्रायव्हर अनोळखी फाट्यावर टपरीपाशी गाडी उभी करून काय विचारत आला आहे? ‘काका, या रस्त्याने एसटी जाते का?’ रस्ता कुठे जातो हे तो विचारत नाही, एसटी जाते का हे विचारतो! या एका प्रश्नात उंची आली, रुंदी आली, वजन आले, घाटातले वळण आले, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा साकवही आला. एसटी जाते म्हणजे आपला ट्रॅक्टरही जाईल, वऱ्हाडाचा टेंपोही जाईल. चंदगडहून तिलारीच्या घाटाने खाली दोडामार्गला उतरणारा, आणि चोर्ल्याने किंवा आंबोलीने जाणारा, यांतले अंतर नकाशावर बोटभर असते. पण चढउताराचा आणि वळणांचा हिशेब निराळा असतो, आणि तो टपरीवरच्या काकांना तोंडपाठ असतो. मोटरहोमसाठी बनवलेले यंत्र म्हणजे दुसरे काही नसून हे टपरीवरचे काका आहेत. मोबाईलवरचा फुकटचा नकाशा मात्र मोटारसायकलवरून भुर्रकन जाणारा गावचा पोरगा. त्याला विचारले तर तो म्हणणारच, ‘जातो की रस्ता, मी आत्ताच आलो!’

दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या भाड्याच्या मोटरहोममध्ये पुढच्या आसनावर बसून मी तीन आठवडे हिंडलो, तेव्हा या गावच्या पोराचा अनुभव पोटभर घेतला. भाड्याने देणाऱ्या कंपनीने दिवसाला अमुक पौंड जादा आकारून एक यंत्र दिले होते. ते साध्या मोटारीचे निघाले. वेल्सच्या सीमेवर त्याने आम्हाला हमरस्त्यावरून काढून एका अशा गल्लीत घातले, की दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच कुंपणाची झाडी, मध्ये रस्ता, आणि त्या रस्त्याच्याही मधोमध गवत! पुढे दगडी पूल, त्यावर रुंदीची पाटी, आणि आमची गाडी पाटीपेक्षा रुंद. अर्धा मैल गाडी उलटी घ्यावी लागली. सूनबाई पावसात छत्री धरून मागे चालत हात करत होती आणि तिच्या मागे एक ट्रॅक्टरवाला शांतपणे सिगारेट ओढत वाट पाहत होता. एका बाजूचा आरसा गेला. कंपनीकडे तक्रार केली तर उत्तर आले, की यंत्र ‘सोयीसाठी’ दिलेले आहे, मार्ग वाहनाला योग्य आहे की नाही ते ग्राहकाने पाहावे. आरशाचे पैसे अनामत रकमेतून कापले. ज्या कंपनीकडे फक्त मोटरहोमच आहेत, तिने साध्या मोटारीचे यंत्र भाड्याने द्यावे, याला सोय म्हणायचे की लबाडी?

आता उंची-रुंदीबरोबर आणखी काय काय आहे ते थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये मोटरहोमचे रिकामे वजन ३.०५ टनांहून अधिक असेल, तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मर्यादा ताशी ५० मैल, कमी असेल तर ६०. दुभाजकाच्या रस्त्यावर अनुक्रमे ६० आणि ७०. मोटारीचे यंत्र तुम्हाला मोटारीचीच मर्यादा दाखवणार आणि पोचण्याची वेळही मोटारीचीच सांगणार. संध्याकाळी तळाचे फाटक बंद झाल्यावर पोचलात की समजते. लंडनमध्ये एप्रिल २०१९ पासून धुराचा निर्बंध असलेले क्षेत्र आहे, ऑगस्ट २०२३ मध्ये ते सगळ्या बृहन्लंडनला लागू झाले. जुन्या डिझेल गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. ऑस्ट्रियात साडेतीन टनांवरच्या मोटरहोमला टोलसाठी काचेवरची पट्टी चालत नाही, वेगळी पेटी बसवावी लागते. फ्रान्समध्ये २०१२ पासून वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याची नेमकी जागा दाखवणारे यंत्र वापरायला बंदी आहे. हे सगळे ज्याच्या पोटात भरलेले आहे, असे यंत्र निराळे असते. गार्मिनने ‘कॅम्पर’ नावाने आणि टॉमटॉमने ‘गो कॅम्पर’ नावाने अशी यंत्रे काढली. गाडीची मापे एकदा भरली की त्या मापांना बसणाराच रस्ता ती शोधतात. मोबाईलवाल्यांना न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे, की सिजिकसारख्या काहींनी ट्रक आणि कॅरॅव्हॅनसाठी मापे विचारणारे पैशाचे नकाशे मोबाईलवरही आणले आहेत. त्यांना माझा विरोध नाही. माझा झगडा मोबाईल विरुद्ध डबडे असा नाहीच. गाडी ओळखणारा नकाशा विरुद्ध न ओळखणारा नकाशा असा आहे. एवढे मात्र ध्यानात असू द्या, की मोबाईल हातात धरून चालवण्याबद्दल ब्रिटनमध्ये २०० पौंड दंड आणि परवान्यावर सहा गुण अशी शिक्षा आहे, आणि मार्च २०२२ मध्ये कायदा कडक झाल्यापासून नुसता नकाशा सरकवायला हातात घेतला तरी ती होते. शिवाय स्कॉटलंडच्या उत्तरेला मोबाईलला तास-तास रेंज नसते. नकाशा आधी उतरवून घेतला नसेल, तर पडद्यावर एक निळा ठिपका आणि भोवती करडे शून्य!

फुकटवाल्यांना झोडपून झाल्यावर विकणाऱ्यांनाही सोडता कामा नये. दुकानात गेलात, की विक्रेता आधी पडदा दाखवतो. सात इंच, आठ इंच, दहा इंच. दिवाणखान्यातला टीव्ही घ्यायला आलो आहोत असे वाटावे. दहा इंची पडदा काचेवर लावला की त्याच्यामागे डाव्या बाजूचा पादचारी दिसेनासा होतो, हे तो सांगत नाही. मग दुसरे आमिष, ‘आजीवन नकाशे’. कोणाच्या आजीवन? २०१८ च्या जानेवारीत टॉमटॉमने आपल्या कित्येक जुन्या यंत्रांना यापुढे नवे नकाशे मिळणार नाहीत असे जाहीर केले, तेव्हा लोकांना उमगले, की ‘आजीवन’ म्हणजे यंत्राचे उपयुक्त आयुष्य, आणि ते किती हे कंपनीने ठरवायचे. माझ्याकडच्या भाषेच्या पेपरात कोणी ‘आजीवन’चा असा अर्थ लिहिला असता तर भोपळा दिला असता. जुने यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांसाठी आणखी एक : जीपीएसचे आठवडे दहा अंकी द्विमान पद्धतीत मोजले जात, त्यामुळे दर १०२४ आठवड्यांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा आली, एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा आली, आणि ज्यांची दुरुस्ती झालेली नव्हती अशी जुनी यंत्रे त्या दिवशी तारखेच्या घोळात सापडली. तेव्हा यंत्र घेताना पडद्याआधी हे विचारा, की यात कोणत्या साली नकाशा भरला आहे, नवा किती दिवसांनी येतो आणि तो घरच्या वायफायवर उतरतो की संगणकाला जोडावे लागते. विक्रेता गोंधळला तर दुसऱ्या दुकानात जा.

आणि यंत्र कितीही उत्तम असो, त्यात भरलेली मापे चुकली तर सगळे फुकट. इथे गणिताच्या शिक्षकाला बोलल्यावाचून राहवत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात उंची लिहिलेली असते ती कारखान्यातून निघतानाची. नंतर टपावर वातानुकूलन यंत्र चढते, तबकडी चढते, सामानाची पेटी चढते. मोजपट्टी आणि शिडी घेऊन सपाट जमिनीवर स्वतः मोजावे आणि वर दहा सेंटिमीटर मोकळे धरावेत. मागे सायकली टांगल्या असतील तर लांबी वाढली. रुंदी आरशांसकट धरायची. मग फूट-इंचांचा सापळा. गाडी १० फूट १० इंच उंच आहे आणि यंत्र दशांश फूट मागते. घाईत माणूस १०.१० भरतो. १० फूट १० इंच म्हणजे ३३० सेंटिमीटर, आणि १०.१० फूट म्हणजे ३०८. बावीस सेंटिमीटरची गाडी कागदावर छाटली गेली! पुलाला ती छाटलेली दिसत नाही. शक्यतो मीटरमध्येच भरावे. अक्षांश-रेखांशांची गत तीच. ५२ अंश ३० मिनिटे म्हणजे साडेबावन्न, ते ५२.३० असे भरले की उत्तर-दक्षिण २२ किलोमीटरची चूक. सहावीत आम्ही साठ मिनिटांचा अंश शिकवतो तो परीक्षेपुरता नव्हे, पण सांगायचे कोणाला!

ब्रिटनमध्ये लोक पत्ता म्हणून पोस्टकोड भरतात. शहरात एका पोस्टकोडात सरासरी पंधराएक घरे येतात, त्यामुळे तिथे तो उत्तम चालतो. खेड्यात मात्र एकच पोस्टकोड मैल-मैल पसरतो आणि यंत्र तुम्हाला त्याच्या मधोमध, म्हणजे एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यापाशी, नेऊन ‘पोचलात’ म्हणून सांगते. म्हणून मुक्कामाच्या जागेचे अक्षांश-रेखांश मागून घ्यावेत, आणि त्या जागेच्या मालकाने ‘शेवटचे दोन मैल यंत्र बंद करून आमच्या सूचनेप्रमाणे या’ असे लिहिले असेल तर मुकाट्याने ऐकावे. नावावर तर कधीच जाऊ नये. २००९ साली एक स्वीडिश जोडपे इटलीतल्या काप्री बेटावर जायला निघाले आणि यंत्रात अक्षरांची अदलाबदल झाल्याने उत्तरेतल्या कार्पी या औद्योगिक गावी पोचले. आपण बेटावर जाणार असूनही वाटेत समुद्र लागला नाही, याचे त्यांना काही वाटले नाही म्हणे.

या गोष्टीवर खदखदून हसणारा एक वर्ग आहे, आणि तो माझ्याच वयाचा आहे. ‘कागदी नकाशाच खरा, आमच्या वेळी यंत्रे नव्हती, तरी आम्ही काश्मीरपर्यंत जाऊन आलो’ असे म्हणणारा. भूगोल शिकवण्यात हयात गेल्यामुळे कागदी नकाशावर माझे प्रेम कोणापेक्षा कमी नाही. १७९१ पासून चाललेल्या ब्रिटिश ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे मी जेवण सोडून पाहत बसलो आहे. पण प्रेम वेगळे आणि युक्तिवाद वेगळा. साध्या रस्त्यांच्या ॲटलासला तरी तुमच्या गाडीची उंची कुठे ठाऊक असते? लॉरीचालकांसाठी छापलेल्या ॲटलासमध्ये कमी उंचीचे पूल दाखवतात, तो मात्र जरूर घ्यावा, कारण यंत्रालाही मर्यादा आहेत. पुलाची उंची नकाशात येते ती बहुधा पाटीवरून. पाटीच नसेल, किंवा ती नकाशा भरल्यानंतर बदलली असेल, तर यंत्राला ती कशी कळणार? कमानीच्या पुलाची उंची मध्यभागी एक आणि कडेला दुसरी. यंत्र एकच आकडा जाणते. म्हणून आदल्या रात्री चहाबरोबर सगळा मार्ग ॲटलासवर बोट ठेवून पाहावा आणि सकाळी यंत्राने निराळाच मार्ग दाखवला तर ‘का?’ असे विचारावे. स्कॉटलंडमध्ये ॲपलक्रॉसला नेणाऱ्या ब्यालाख ना बा या घाटाच्या तोंडाशी मोठा फलक आहे : शिकाऊ चालक, फार मोठी वाहने आणि कॅरॅव्हॅन यांनी पुढे जाऊ नये. समुद्रसपाटीपासून ६२६ मीटर चढ, जागोजाग पाचात एक उतार, एकेरी रस्ता. २०१५ पासून त्या बाजूच्या पाचशे मैलांच्या सहलीची जाहिरात सुरू झाली आणि मोटरहोमांची रीघ लागली. तिथल्या गावकऱ्यांना दूध आणायला जायचे असते, औषध आणायचे असते, आणि वळणावर कोणाचे तरी घर अडकून बसलेले असते. ‘माझी गाडी, माझी जोखीम’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. आरसा तुमचा फुटतो, पण रस्ता सगळ्या गावाचा बंद होतो. पुलाला तुमचे टप लागते, पण पूल तपासून होईपर्यंत शेकडो लोकांच्या गाड्या खोळंबतात.

हे परदेशातले रडगाणे आपल्याला कशाला, असे एखादा वाचक म्हणेल. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी आणले. ही चाकांवरची घरे आपल्याही घाटांत उतरू लागली आहेत. आपल्याकडे विजेवरच्या रेल्वेमार्गाच्या फाटकाआधी ४.६७ मीटरची लोखंडी कमान उभी असते, त्यामुळे निदान तिथे तरी उंचीचा निकाल आधीच लागतो. पण घाटातल्या वळणाला कमान नसते, आणि गाडी ओळखणाऱ्या यंत्राची सवय मालकांना आत्तापासून लागली तर टपरीवरच्या काकांचा त्रास वाचेल.

येत्या उन्हाळ्यात जे जाणार आहेत त्यांच्यासाठी माझा हिशेब असा. कुटुंब दर वर्षी मोटरहोम घेणार असेल, तर सहा किंवा सात इंची, गाडीची मापे विचारणारे यंत्र विकतच घ्यावे. एकदाच आठ दिवस जाणार असाल, तर मापे विचारणारा पैशाचा नकाशा एका जुन्या मोबाईलवर महिन्यापुरता घ्यावा, तो घरीच उतरवून ठेवावा, आणि मोबाईल पक्क्या खोबणीत बसवावा. कोणतेही असले तरी ‘सर्वांत जवळचा मार्ग’ ही सोय बंद करून ठेवा. त्या देशातल्या गवत उगवलेल्या गल्ल्या सगळ्या जवळच्याच असतात. भाड्याच्या कंपनीने यंत्र देऊ केले तर ते तिथल्या तिथे चालू करून उंची भरण्याची जागा दाखवायला सांगा. जागा नसेल तर यंत्र परत करा, त्याचे दिवसाचे भाडे बिलातून काढून घ्या, आणि गाडीची उंची मीटरमध्ये आणि फूट-इंचांत मोठ्या अक्षरांत लिहून चालकासमोर चिकटवा. मराठीत लिहिलीत तरी चालेल.